वाचकांची पत्रे, पाळकांची उत्तरे : हिवाळ्यापूर्वी ये

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. पत्रे निरनिराळ्या गावांहून आली असली तरी जवळजवळ प्रत्येकात थंडीचा उल्लेख आहे, आणि ते साहजिकच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या पठारावर दिवाळी सरली की उत्तरेचा वारा सुटतो, ज्वारी पोटरीत येऊ लागते, पहाटे पत्र्यावरून दव ठिबकत राहते, आणि याच सहा-आठ आठवड्यांत मंडळीच्या वर्षातले मोठे दिवस एकामागून एक येतात : आगमनकाल (नाताळापूर्वीचे चार आठवडे), नाताळ, वर्षअखेरची रात्रीची उपासना, जानेवारीचा प्रार्थना सप्ताह. पत्रे वाचताना प्रेषित पौलाची एक मागणी मला वारंवार आठवली. रोमच्या तुरुंगातून आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस, सगळी शिकवण सांगून झाल्यावर, तो म्हणतो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये, आणि होईल तर हिवाळ्यापूर्वीच ये. मृत्यू समोर दिसत असलेल्या प्रेषितालाही थंडी वाजत होती, आणि पांघरुणाइतकीच त्याला माणसाची सोबत हवी होती. ज्यांच्यापर्यंत आपण हिवाळ्यापूर्वी पोहोचलो नाही अशी कितीतरी माणसे या पत्रांत भेटली, म्हणून काही उत्तरे लांबली आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळीची रविवारची उपासना बारा महिने सकाळी साडेआठला असते. थंडीत ज्येष्ठ सभासद येऊ शकत नाहीत. वेळ पुढे न्यावी अशी सूचना मी केली, तेव्हा पंचांपैकी काहींनी ‘आज थंडीसाठी वेळ बदलली, तर उद्या क्रिकेटच्या सामन्यासाठी बदलाल’ असे म्हटले. आपले मत कळवावे. (एक सेवानिवृत्त शिक्षक, संगमनेर)

उत्तर : गुरुजी, वेळ अवश्य बदलावी. उपासनेचा क्रम ठरलेला आहे, तिची घटका शास्त्रात कोठेही ठरवून दिलेली नाही. डिसेंबर-जानेवारीपुरती साडेनऊ किंवा दहाची वेळ ठेवली म्हणून कोणाच्याही विश्वासात ढिलाई येणार नाही. सामन्यासाठी वेळ मागणारा आपल्या करमणुकीसाठी मागतो. दम्याने रात्रभर बसून काढलेली आजी मात्र मंडळीत येता यावे म्हणून वेळ मागते. या दोन्ही मागण्यांना एका मापाने मोजणे मला न्यायाचे वाटत नाही.

योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक लहानसा तपशील आहे. मंदिराच्या पुनःस्थापनेचा सण होता, हिवाळ्याचे दिवस होते, आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता. ही देवडी म्हणजे मंदिराच्या आवारातील पूर्वेकडची, वर छप्पर असलेली खांबांची लांब ओसरी. यरुशलेमेच्या हिवाळ्यात वारा आणि पाऊस दोन्ही असतात, आणि प्रभू त्या दिवसांत आडोशाला फिरत असताना लोक त्याच्याभोवती जमले, एवढे तरी या वाक्यातून दिसते.

आमच्या मंडळीत आम्ही आणखी एक गोष्ट केली, ती सुचवतो. दगडी भिंतींच्या जुन्या देवळात थंडी साठून राहते, म्हणून जानेवारीतल्या दोन रविवारी आम्ही सतरंज्या बाहेर आवारात, उन्हात अंथरतो. एवढे करूनही जे येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी त्याच आठवड्यात प्रभुभोजन घेऊन गेले पाहिजे. मोबाइलवर उपासना दाखवली की आजारी माणसाची सोय झाली असे मानण्याकडे हल्ली मंडळ्यांचा कल दिसतो. त्या पडद्याची मदत होते हे खरे, पण भाकर आणि प्याला पडद्यातून हातात येत नाही.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहातील मित्र म्हणतात की येशूचा जन्म २५ डिसेंबरला झालाच नाही, तो रोमन लोकांचा सूर्याचा सण होता. मला उत्तर देता आले नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात शंका आली आहे. (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तारखेबद्दल तुझ्या मित्रांचे म्हणणे बरेचसे खरे आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करण्यात तुझे काहीही जात नाही. चारही शुभवर्तमानांत प्रभूच्या जन्माची तारीख नाही, महिनाही नाही. मार्क आणि योहान तर जन्माची हकिकतच सांगत नाहीत. आरंभीच्या मंडळीने पुनरुत्थानाचा दिवस जिवापाड जपला, जन्मदिवसाकडे तिचे फारसे लक्ष नव्हते. इ. स. २०० च्या सुमारास आलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक लिहितो की काही जण हिशेब करून हा दिवस मे महिन्यात येतो असे सांगतात. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी ठाम नोंद रोममध्ये ३५४ साली सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात मिळते, आणि त्यातील संबंधित यादी ३३६ च्या सुमाराची असावी असे अभ्यासक मानतात.

हीच तारीख का, याविषयी दोन मते आहेत. सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये अजिंक्य सूर्यदेवाच्या उपासनेला राजाश्रय दिला, त्या उत्सवाच्या जागी ख्रिस्ती लोकांनी आपला सण आणला, असे एक मत आहे. तुझ्या मित्रांनी तेच ऐकलेले दिसते. दुसरे मत असे की, प्रभूचा वधस्तंभावरील मृत्यू २५ मार्चला झाला असे पश्चिमेकडील काही जुने ख्रिस्ती लेखक मानत, आणि त्याच तारखेला मरीयेच्या उदरी त्याची गर्भधारणा झाली असे धरून, पुढे नऊ महिने मोजून २५ डिसेंबर ठरवला गेला. मला स्वतःला हे दुसरे मत अधिक पटते, पण त्यावर माझा विश्वास टांगलेला नाही. आर्मेनियन मंडळी ६ जानेवारीला प्रभूचा जन्म साजरा करते. रशियातील ऑर्थोडॉक्स मंडळी जुन्या ज्युलियन पंचांगाने चालते, ते आज आपल्या पंचांगाच्या १३ दिवस मागे असल्यामुळे त्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. या मंडळ्यांत तारखेवरून कोणी कोणाला खोटे ठरवत नाही.

कोणी तुला असेही सांगेल की डिसेंबरच्या थंडीत मेंढपाळ रानात राहणे शक्यच नाही. बेथलेहेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७७५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आमच्या नगरपेक्षा थोडे उंच, आणि तेथील हिवाळा पावसाचा असतो, हे खरे. तरी आपल्या पठारावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात आणि उघड्या रानात वाडा टाकून रात्री काढतात, हे ज्याने पाहिले आहे तो ‘शक्यच नाही’ हे शब्द इतक्या सहज वापरणार नाही. यावरून तारीख सिद्ध होत नाही, फक्त हा आक्षेप वाटतो तितका पक्का नाही एवढे कळते.

आता तुझ्या शंकेविषयी. तुझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख कधी पाहिली आहेस का? खेड्यातून आलेल्या त्या पिढीतील असंख्य लोकांची तारीख १ जून आहे, कारण नाव घालायला आलेल्या बापाला तारीख सांगता येईना आणि गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने ती लिहून टाकली. तारीख गुरुजींची असली तरी आजोबा खरे आहेत. त्यांच्या खांद्यावर बसून तू जत्रा पाहिली आहेस. ‘नाताळ’ हा आपला शब्ददेखील पोर्तुगीजांकडून आलेला असून त्याचा अर्थ केवळ ‘जन्म’ एवढाच आहे. मंडळी त्या दिवशी जन्माबद्दल उपकार मानते. तारखेबद्दल तिने कधी शपथ घेतलेली नाही.

प्रश्न : मी पाथर्डी तालुक्यातील एका वस्तीवर शिक्षिका आहे. आमच्या लहानशा मंडळीतील निम्म्याहून अधिक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नाताळला देवळात म्हातारी माणसे आणि मागे ठेवलेली मुले एवढीच असतात. गेल्या वर्षी गाणे सुरू केले आणि रिकाम्या सतरंज्या पाहून माझा आवाजच फुटेना. आम्ही काय करावे? (एक भगिनी, पाथर्डी तालुका)

उत्तर : ताई, आपले पत्र मी आमच्या कमिटीपुढे वाचून दाखवले. आपल्या भागातील अनेक मंडळ्यांची हीच अवस्था आहे आणि तिच्याविषयी आपण उघडपणे फार कमी बोलतो. नवरा-बायकोच्या जोडीला जेथे माणसांच्या नावाने न ओळखता ‘एक कोयता’ म्हणून मोजतात, मुकादमाची उचल फेडण्यासाठी जेथे पहाटे तीन-चारला दवाने भिजलेल्या फडात शिरावे लागते, तेथे आपले भाऊ-बहिणी वर्षाचे पाच-सहा महिने राहतात, आणि त्यांचा नाताळ त्याच काळात येतो. ज्या वर्षी ते देवळात नसतात त्या वर्षी मंडळी देवळात पूर्ण भरत नाही, हे आपल्या आवाजाने ओळखले. तो फुटला नाही यात आपला काही दोष नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातील टोळी एका साखर कारखान्याच्या तळावर उतरली होती. नाताळनंतर दोन दिवसांनी आम्ही पाच जण एका टेम्पोतून तेथे गेलो. सायंकाळ झाली होती. हवेत मळीचा आंबूस वास होता, बांबू आणि पाचटाच्या कोप्यांतून धूर निघत होता, बाया नुकत्याच फडावरून येऊन भाकरी थापायला बसल्या होत्या आणि बैलगाडीच्या आसाला बांधलेल्या झोळीत एक मूल झोपले होते. त्याच्या डोक्यापासून दोन हातांवर बैल वाढे खात उभे होते. आम्ही पाचट पेटवून शेकोटी केली. पाचट भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते, त्यामुळे लूकच्या दुसऱ्या अध्यायाचे वाचन होईपर्यंत एक मुलगा सारखा नवे पाचट आणून टाकत होता.

वाचनानंतर मी बोलू लागलो, आणि अनेक वर्षे बोलत आलो तेच बोललो : राजांच्या राजाला पाळणा मिळाला नाही, जनावरांच्या गव्हाणीत निजावे लागले, केवढे हे दारिद्र्य! एक वयस्क बाई भाकरी परतता परतता म्हणाली, “पाळकसाहेब, गव्हाणीत कडबा असतो. उबदार असतं. भुईवर निजवलं तर विंचूकाटा, खालून गारठा. मरियेनं लेकराला गव्हाणीत ठेवलं, शहाणी होती ती.” मी गप्प झालो. वीस वर्षे त्या वचनावर बोलत असताना मला त्यात फक्त उणीव दिसली होती. या बाईला त्यात एका आईचे हात दिसले. हाती जे होते त्यातून तिने बाळासाठी सर्वांत उबेची जागा शोधली होती. आपल्या कारखान्यांतही उसाची मोळी ज्यात पडते त्या जागेला गव्हाणच म्हणतात आणि तिच्यात पहिली मोळी टाकून गळीत हंगाम सुरू होतो. ज्यांच्या हातांनी ती गव्हाण भरते, त्यांना हा अध्याय आपल्याहून अधिक जवळून कळत असेल तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. शिवाय योसेफ आणि मरीया तरी स्वखुशीने घर सोडून निघाले होते कोठे? कैसराने नावनोंदणीचा हुकूम काढला म्हणून ते दिवस भरत आलेले असताना वाटेवर होते.

तेव्हा माझी विनंती अशी की, आपली कोणती टोळी कोणत्या कारखान्यावर आहे याची नोंद मंडळीने दिवाळीपूर्वीच करून ठेवावी आणि त्या कारखान्याजवळच्या मंडळीच्या पाळकांना पत्र किंवा फोन करावा. तेथील भाऊबंद तळावर जाऊ शकतात, बहुतेकांना केवळ ठाऊक नसते. आपणही एकदा जाऊन या. जाताना फराळ न्या, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागे राहिलेल्या मुलांनी आईबापांसाठी काही लिहून किंवा चित्र काढून दिले असेल तर ते न्या. रात्री आठनंतर कोणाला बसवून ठेवू नका, कारण पहाटे तीनला त्यांना उठायचे असते. तळावर अर्पण गोळा करू नका. आणि मंडळीचे प्रीतिभोजन या वर्षी २५ डिसेंबरला न ठेवता टोळ्या परतल्यावर ठेवा. ते दिवस बहुधा पुनरुत्थानाच्या सणाच्या आसपासचेच असतात, आणि जेवायला सगळे असतील.

प्रश्न : आमच्या तरुण संघाने बसस्थानकाबाहेर झोपणाऱ्यांना ब्लँकेट वाटली. बॅनर लावला, फोटो काढले. एका ज्येष्ठ सभासदांनी सर्वांसमोर आमची कानउघाडणी केली. चांगले काम करूनही बोलणी खावी लागावीत का? (तरुण संघाचा एक सभासद, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : सर्वांसमोर बोलायला नको होते, हे मी त्यांनाही सांगेन. त्यांच्या बोलण्यातला आशय मात्र मला मान्य आहे.

बायबलातील निर्गम या ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात एक नियम आहे : शेजाऱ्याचे पांघरूण गहाण ठेवून घेतले असेल, तर सूर्य मावळण्यापूर्वी ते त्याला परत द्यावे, कारण त्याच्याजवळ पांघरायला तेवढेच असते, तो दुसरे काय घेऊन निजेल? हा नियम दानधर्माच्या प्रकरणात आलेला नाही. तेथे कर्ज, व्याज आणि गहाण यांची चर्चा चालू आहे. रात्रीची ऊब हा गरिबाचा हक्क आहे आणि सावकाराचा कायदेशीर दावादेखील सूर्यास्ताला थांबला पाहिजे, असे परमेश्वर सांगतो. जे ज्याच्या हक्काचे आहे ते त्याला देताना बॅनर लावण्याचे प्रयोजन उरत नाही. झोपेतून उठवून, डोळ्यांवर उजेड पाडून ज्याचा फोटो काढला, त्या म्हाताऱ्याला त्या फोटोत असण्याची इच्छा होती का, हे कोणी विचारले होते का?

पुढच्या वेळी दोन-तीन जणांनीच जावे, सोबत थर्मासमध्ये चहा न्यावा, जवळ बसून नाव-गाव विचारावे. आणि निघण्यापूर्वी आपल्याच देवळाच्या राखणदाराकडे पांघरूण कसले आहे ते पाहावे. आमच्याकडे ते पाहायचे राहून गेले होते. बाहेर वाटायला सोलापुरी चादरींचा गठ्ठा आणला होता, तेव्हा आमचा राखणदार पोते अंगावर घेऊन फाटकाशी बसला होता. ती चूक पाळक म्हणून माझी होती, आणि थंडी पडली की ती मला अजून बोचते.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये माझे यजमान प्रभूमध्ये निजले. आमच्या घरी दर १ डिसेंबरला तेच गच्चीवर चांदणी लावत. या वर्षी मला करंज्यांचे पीठ भिजवावेसे वाटत नाही, गाणी ऐकवत नाहीत. नातेवाईक म्हणतात, आपण ख्रिस्ती आहोत, आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे, आपण असे सुतक धरल्यासारखे बसू नये. माझा विश्वास कमी पडतो आहे का? (एक भगिनी, श्रीरामपूर)

उत्तर : नाही, ताई. आपला विश्वास कमी पडलेला नाही.

आपले नातेवाईक प्रेमापोटी बोलत असतील. तरीही पुनरुत्थानाची आशा ही रडणाऱ्याला गप्प करण्यासाठी दिलेली नाही. मेलेल्या लाजाराला आपण थोड्याच वेळात उठवणार हे ज्याला ठाऊक होते, तो प्रभूही त्याच्या कबरेकडे जाताना रडला. नाताळच्या वृत्तान्तातून तर आपण शोक कापून टाकलेला आहे; लहान मुलांच्या नाटकात मेंढपाळ येतात, मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) येतात आणि पडदा पडतो. मत्तय मात्र तेथे थांबत नाही. हेरोदाचे शिपाई बेथलेहेमात शिरतात, घराघरांतून आक्रोश उठतो, आणि मत्तय यिर्मयाचे वचन आठवून सांगतो की राहेल आपल्या मुलांसाठी रडत आहे आणि तिला सांत्वन नको आहे. ‘नको आहे’ हे शब्द शास्त्राने तसेच राहू दिले आहेत, तिला कोणी दटावलेले नाही. जिला या वर्षी सांत्वन नको आहे, तिलाही नाताळच्या अध्यायात जागा आहे.

आणखी एका स्त्रीची आठवण देतो. लूकच्या दुसऱ्या अध्यायात बाळ येशूला मंदिरात आणल्यावर हन्ना नावाची एक अतिशय वृद्ध विधवा तेथे येते. लग्नानंतर सात वर्षांत तिचा नवरा गेला. चौऱ्यांशी हा आकडा लूक तिच्या संदर्भात देतो, तो तिच्या वयाचा की वैधव्याच्या वर्षांचा यावर भाष्यकार वाद घालतात. यरुशलेमेत तारणाची वाट पाहणाऱ्यांना त्या बाळाविषयी सांगत फिरणारी हीच. तिने त्या सात वर्षांतल्या नवऱ्याला विसरावे असे लूक म्हणत नाही. उलट इतक्या वर्षांनंतरही ती किती वर्षे संसार करून होती याची नोंद त्याने ठेवली आहे.

मला येथे माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाळकपणाच्या आरंभीच्या काळात आमच्या गायकमंडळातील एक गृहस्थ आई गेल्यानंतर कॅरलच्या फेरीला आले नाहीत, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन त्यांना आनंदाविषयी उपदेश केला. ते उठून आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. एक शब्दही बोलले नाहीत. पुढे माझे वडील गेले, तेव्हा तेच गृहस्थ आले, माझ्याजवळ तासभर बसले आणि तेव्हाही काही बोलले नाहीत. मी त्यांची क्षमा मागितली. ज्यांच्या घरी दुःख आहे तेथे जाऊन बसायचे असते, हे मला त्यांनी शिकवले.

पीठ भिजवू नका. मंडळीतील दोन घरांतून आपल्याकडे डबा यावा, आणि तो न सांगता यावा; आपण हे पत्र आपल्या पाळकांना दाखवलेत तर ते याची व्यवस्था करतील याची मला खात्री आहे. नाताळच्या उपासनेला जावेसे वाटले तर मागच्या ओळीत, दाराजवळ बसा आणि शेवटच्या गीताआधी उठून आलात तरी त्यात काही वावगे नाही. आमच्याकडील काही कुटुंबे त्या सकाळी उपासनेआधी कबरस्थानात जाऊन फुले ठेवून येतात. आपल्याला तसे करावेसे वाटले तर एकट्या जाऊ नका. चांदणीचे म्हणाल, तर ती या वर्षी लावलीच पाहिजे असे नाही. पण आपल्या पत्रात शेवटी, ताजा कलम म्हणून, नातू ‘आजोबांची शिडी कोठे आहे’ असे विचारत होता असे आपण लिहिले आहे. त्याला शिडी दाखवा, आणि कोणा मोठ्या माणसाला ती खालून धरायला सांगा.

प्रश्न : संक्रांतीला शेजारणी तिळगूळ देतात आणि हळदीकुंकवाला बोलावतात. घेऊ का? जाऊ का? (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : तिळगूळ आनंदाने घ्या आणि गोड बोला. तीळ आणि गूळ हे थंडीत अंगाला हवे असलेले अन्न आहे, देणाऱ्या हातात स्नेह आहे, आणि नाताळला आपल्या घरच्या करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट त्याच घरी गेलेले असणार. हळदीकुंकवाबद्दल मंडळीत एकमत नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने अशा गोष्टी प्रत्येकाच्या मनाच्या खात्रीवर सोपवल्या आहेत आणि वेगळी खात्री असलेल्यांनी एकमेकांना तुच्छ मानू नये असे बजावले आहे. माझा सल्ला असा की, बोलावणाऱ्या मैत्रिणीला आधीच मोकळेपणाने सांगा : मी येईन, बसेन, वाण घेईन, कुंकू मात्र लावून घेणार नाही. मैत्री खरी असेल तर ती तेवढे समजून घेईल. आपण मात्र जाताना एक विचारा की, त्याच वाड्यातल्या विधवा बाईला कोणी बोलावले आहे का. बोलावले नसेल तर येताना तिच्याकडे दहा मिनिटे जाऊन, तिच्या हातावर तिळगूळ ठेवून घरी या.

प्रश्न : जानेवारीच्या प्रार्थना सप्ताहात आमच्या गावात रात्री आठच्या प्रार्थनेला सात माणसे येतात, त्यांतली पाच म्हातारी. हा सप्ताह बंद करावा असा विचार पंचांत चालू आहे. (मंडळीचे एक पंच, नेवासे तालुका)

उत्तर : बंद करण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हा सप्ताह विलायतेतून आयता आलेला कार्यक्रम आहे असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक १८५८ साली, म्हणजे उठावाच्या रक्तपाताला जेमतेम वर्ष झालेले असताना, पंजाबातील लुधियाना येथे काम करणाऱ्या मिशनरींनी जगभरच्या मंडळ्यांना आवाहन केले की वर्षाच्या आरंभीचा एक आठवडा सर्वांनी एकत्र प्रार्थनेत घालवावा, आणि १८६० च्या जानेवारीत तसा सप्ताह देशोदेशी पाळला गेला. हाक आपल्या भूमीवरून गेली होती. ती येथेच थांबावी याचे मला वाईट वाटेल.

दुसरी गोष्ट अशी की, न आलेले लोक कोठे आहेत हे पंचांनी पाहिले आहे का? आपला तालुका धरणाच्या पाण्याखालचा. जानेवारीत गहू आणि कांदा पाण्यावर असतात, आणि दारे धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी सोडायला, लागणारी शेतीपंपांची वीज कित्येक आठवडे रात्रीच मिळते. आमच्याकडेही उपस्थिती अशीच घटली, तेव्हा मी एका प्रवचनात थंड पडलेल्या विश्वासाबद्दल बोललो होतो. त्यानंतर दोन दिवसांनी एका सभासदाच्या आईने मला विचारले, “लाईट रात्री दहाला येते, पाळकसाहेब. पोरानं आमेन म्हणावं का दारं धरावीत?”

त्या आठवड्यापासून आम्ही सप्ताहाची पद्धत बदलली. सात जण देवळात आठला बसतात, ती प्रार्थना तशीच चालते. म्हाताऱ्यांची ती वेळ आहे आणि ती त्यांच्याकडून काढून घेऊ नये. त्यानंतर दोघे-तिघे बॅटरी घेऊन रानात जातो. पहिल्या रात्री मी त्या बाईच्या मुलाकडे गेलो. तो गव्हाच्या वाफ्यात घोट्यापर्यंत पाण्यात उभा होता, डोक्याला मफलर, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले, पायांची बोटे पाण्यात पांढरी पडलेली. मला पाहून तो संकोचला आणि बांधावर येऊ लागला. मी म्हटले, येऊ नकोस, वाफा फुटेल. चपला काढून मीच बांधावरून खाली उतरलो. पाणी इतके गार होते की पहिले वाक्य माझ्या तोंडून नीट निघेना. त्याने खोऱ्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले. घरासाठी, आजारी बैलासाठी आणि लुधियानाच्या त्या जुन्या हाकेप्रमाणे सर्व देशांसाठी आम्ही प्रार्थना केली. आमेन म्हणताच त्याने डोळे उघडून वाफा पाहिला, तो भरत आला होता. त्याने खोऱ्याने दारे मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडले, आणि आम्ही शेजारच्या रानात दिसणाऱ्या दुसऱ्या बॅटरीच्या उजेडाकडे निघालो.